भजे आणायला गेलो आणि वारलो

माझं निधन झालं तेव्हा मी परभणीत, वसमत रोडवर, एका गाड्यापुढं उभा राहून भजे बांधून घेत होतो. तेल तापायला उशीर लागला. तोवर आमच्या गावी, बोरीत, माझ्या नावानं रडून झालं होतं आणि गावातून जीपही निघाली होती.

पण ही गोष्ट माझ्यापासून नाही, आईपासून सुरू होते. आई पोळ्याच्या आधी गेली. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा रडले नाहीत. बोरीच्या घरी रोज माणसं भेटायला यायची, बाया गळ्यात पडून रडायच्या, आणि आबा आपले "बसा, पाणी घ्या, लय ऊन हाय" करत आलेल्यांचीच समजूत काढत फिरायचे. एखाद्याला वाटावं, बायको त्या पाहुण्यांची गेली आहे आणि हे भेटायला आलेत!

तेरावं झाल्यावर मी त्यांना परभणीला माझ्याकडं आणलं आणि इथं आल्यावर ते पार गप्प झाले. खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि रस्त्याकडं बघत राहायचं. "आबा, बरं वाटतंय का?" तर "बरं हाय." "जेवायला वाढू?" तर "वाढ." "झोप लागली का?" तर "लागंल." दिवसाचं बोलणं एवढंच. पलंगावर आडवे व्हायचेच नाहीत, खुर्चीतच डोळे मिटायचे. मला भीती वाटायला लागली होती की आईच्या पाठोपाठ आबाही हळूहळू निघालेत, फक्त खुर्ची सोडायची बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, "यांना एकदा मोकळं रडू द्या. आणि घरात कोंडू नका, चार ठिकाणी फिरवा."

चार ठिकाणं म्हणजे देऊळ, बाजार, पाहुणेरावळे, असं कुणीही शहाणा माणूस समजला असता. पण मी पेशानं मास्तर आणि वृत्तीनं कवी (हे मीच सांगतो, दुसऱ्या कुणी अजून सांगितलेलं नाही). शिवाय एका कलामंडळाचा सचिव. आमच्या मंडळात सभासदांपेक्षा पदाधिकारी जास्त आहेत, पण ते असो. मी ठरवलं, आबांना परभणीचं कलाजीवन दाखवायचं! कलेनं भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलंय, तिथं आबा काय चीज आहेत?

पहिल्यांदा चित्रांचं प्रदर्शन. एका पावसाळी चित्रापुढं आबा बराच वेळ थांबले. मी आशेनं विचारलं, "काय वाटतं आबा?"

"आभाळ एवढं भरून आलंय," आबा म्हणाले, "अन् ह्यानं कडबा उघड्यावर ठेवलाय."

चित्रकार शेजारीच उभा होता. त्याच्या पुढच्या प्रत्येक चित्रात ताडपत्री असते म्हणतात.

मग हौशी मंडळींचं नाटक. शेवटच्या अंकात नायक खोकत खोकत मरत होता. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आबांनी पिशवीतून खडीसाखर काढली आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिली. "तेवढी वर द्या, लय खोकायलाय." खडीसाखर रांगांमागून रांगा ओलांडत रंगमंचावर पोचली. नायकानंही ती तोंडात टाकली आणि मगच प्राण सोडला! आयोजकांनी मला पुढच्या प्रयोगाचं निमंत्रण दिलं नाही.

शेवटी मी हुकमी पान काढलं. आमच्याच मंडळाच्या काव्यवाचनात मी आईवर केलेली कविता वाचली. त्यात ती चुलीपुढची माउली होती, सोशिक होती, अबोल होती, तिनं उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. दोन-तीन जणांनी डोळे पुसले (एकूण श्रोते पाहता हे प्रमाण थोर होतं). घरी येताना मी आबांना विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली हाय," आबा म्हणाले. "पण ती बाई कोण?"

"आबा, आई होती ती!"

"आसंल. तुझी आई लय भांडायची."

एवढं बोलून ते पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. कवितेचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते ह्याचं की आबांची आई मला सापडली नव्हती. म्हणजे माझी आई, पण आबांच्या मनातली.

त्यानंतर आली रेवती. मानवतची मुलगी, बाहेरगावी कला शिकून आलेली. तिला परभणीत आपलं प्रदर्शन मांडायचं होतं आणि आमच्या मंडळानं त्याची जबाबदारी घेतली. हॉल मिळाला तो मंगल कार्यालयातला, त्यामुळं फाटकावर कालच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच लटकत होती. आत चित्रं नव्हतीच. रेवतीनं एक अख्खी खोली उभी केली होती: सुंभाची जुनी बाज, तिच्यावर घडी केलेली वाकळ, पायाशी तांब्या-पेला, आणि समोरच्या भिंतीवर झेंडूचा हार घातलेली एक फोटोची चौकट. चौकटीत फोटो नव्हता.

"फोटो मुद्दाम नाही लावला सर," रेवती म्हणाली. "बघणाऱ्यानं आपलं माणूस तिथं बघावं."

मी मान डोलावली. (मला कळलं नव्हतं, पण सचिवाला मान डोलवावी लागते.) तेवढ्यात मागं बघतो तर आबांनी दारातच चपला काढल्या होत्या. त्यांनी हाराकडं बघितलं, बाजेकडं बघितलं, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"आबा," मी कानाशी लागलो, "कुणी गेलेलं नाही. हे प्रदर्शन आहे."

"गप. बस खाली."

"राहू द्या सर," रेवती म्हणाली. "बसू द्या त्यांना."

माझी बायको सुनंदा आबांच्या शेजारी पदर घेऊन बसली. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला कसं बसू द्यायचं? मी तिच्याकडं माझा मोबाईल दिला, फोटो काढायला, आणि उद्घाटनाच्या वेळी वाजू नये म्हणून त्याचा आवाज बंद करून दिला. मग मी उद्घाटकांना आणायला आणि भजे बांधून घ्यायला गेलो. ही सचिवाची मुख्य कामं. उद्घाटकांच्या दारात कळलं, साहेब अंघोळीला गेलेत. मग कळलं, पूजेला बसलेत. मग कळलं, आज काही जमायचं नाही. त्यानंतर भजेवाल्याचं तेल.

इकडं काय झालं ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. दुखवट्याला माणसं बसलेली दिसली की तिथून तसंच पुढं जायचं नसतं. चपला काढायच्या आणि घटकाभर बसायचं. आणि बसल्यावर "कोण गेलं?" असं कधीच, कधीच विचारायचं नसतं! ते माहीत असल्यासारखं मान खाली घालून बसायचं.

आमच्या बोरीचे दिगंबरराव त्याच वेळी पोरीच्या लग्नासाठी कार्यालयाची तारीख धरायला आले होते. त्यांना दारातून दिसलं ते असं: आबा डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेत. सुनंदा पदर तोंडाला लावून डोळे पुसतेय. (त्या बाजेकडं बघून तिला सासू आठवली होती. दोघींचं पटत नसे, म्हणून जास्तच आठवली होती.) भिंतीवर हार. चौकट रिकामी, म्हणजे घाईत फोटोही सापडलेला नाही. आणि मधू, म्हणजे मी, कुठंच नाही!

दिगंबररावांनी रीतीप्रमाणं कुणालाही काही विचारलं नाही. घटकाभर बसले, उठले, बाहेर गेले आणि बोरीला फोन लावला.

मी भजे घेऊन परतलो तेव्हा कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. माझा ऊर भरून आला. परभणीत कलेला इतकी गर्दी! आतून हुंदके ऐकू येत होते. एका रिकाम्या चौकटीनं माणसं रडतात, आणि मी इतकी वर्षं यमकं जुळवत बसलो! मी हळूच आत गेलो. कौसाआत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, सुनंदाच्या गळ्यात पडून रडत होती. सुनंदाही तिच्या गळ्यात पडून रडत होती. ही आईसाठी, ती माझ्यासाठी.

"मधू रं माझ्या राजा!" आत्या चौकटीकडं हात करून म्हणाली. "असा कसा गेलास रं!"

"भजे आणायला," मी म्हणालो.

तशी आत्या उठली, माझ्यापर्यंत आली, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं आणि खाडकन एक थोबाडीत ठेवून दिली!

"मेला न्हाईस तर सांगायचं न्हाई व्हय रं! रानातलं काम टाकून आले मी!"

"आत्या, मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"अन् फोन कामून उचलत न्हाईस? मेल्यावानी!"

मग एकच गलका झाला. सगळे दिगंबररावांकडं वळले, दिगंबरराव गलका ऐकून आलेल्या कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडं वळले, आणि जो तो दुसऱ्याला विचारू लागला, "तुमी कामून रडायलता मग?" कोपऱ्यातल्या दोन बाया तर शेजारच्या हॉलमधला साड्यांचा सेल बघायला आल्या होत्या आणि चपला बघून इकडं शिरल्या होत्या. "आमाला आमची माय आठवली," त्यातली एक म्हणाली. लोक हसायला लागले. आत्याही डोळे पुसत पुसत हसली.

आबा हसले नाहीत. ते उठले आणि बाजेपाशी गेले.

"कुणाची हाय गं ही, पोरी?"

"माझ्या आजीची," रेवती म्हणाली. "मानवतच्या."

आबांनी पायथ्याची दोरी दाबून बघितली. "सैल पडलीय."

"काका, ती मुद्दाम तशीच ठेवलीय. आजी झोपायची ना, तो खड्डा..."

पण आबांनी गाठ सोडलीसुद्धा होती. साऱ्या प्रदर्शनाचा जीव त्या खड्ड्यात होता, हे मलासुद्धा आता कळलं. मी "अहो आबा" म्हणून पुढं झालो, तर रेवतीनंच मला हातानं थांबवलं. तिनं बाजेचं दुसरं टोक धरलं.

आबा एकेक पेड ओढत होते आणि बोलत होते. आमच्याशी नव्हे, दोरीशी.

"कवापासून म्हणायलती. बाज ओढून द्या, बाज ओढून द्या. कंबर दुखायलीय म्हणायची. मी म्हणायचो, उद्या देतो. लय भांडली एक दिवस. म्हणली, मी मेल्यावर ओढता काय. मी म्हणलं, हाव, मेल्यावर ओढतो. गंमत केली मी. गंमत केली व्हती..."

त्यांनी शेवटचा वेढा ताणला, गाठ मारली, आणि बाज कशी झाली ते बघायला तळहातानं दाबली. बाज ताठ झाली होती. मग ते तिच्यावर बसले आणि टॉवेल तोंडाला लावून मोठ्यानं रडले. लहान पोरासारखे, अंग हलवून. कौसाआत्यासारखी गावातली नामांकित रडणारी बाई, पण तीही एक शब्द न काढता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडलो. आई गेल्यावर मी कविता केली होती, रडलो मात्र त्या दिवशीच.

नंतर आत्यानं धडप्यात बांधलेलं गाठोडं सोडलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तिनं येताना शेजारणीकडून भाकरी आणि पिठलं बांधून आणलं होतं. माझ्या मरणाचं ते जेवण आम्ही सगळे तिथंच फरशीवर बसून जेवलो, वर माझे गार झालेले भजे. आबांनी दोनदा भाकरी मागून घेतली. रेवतीनं तो खड्डा पुन्हा केला नाही. तिचं प्रदर्शन पुढं ताठ बाजेचंच राहिलं.

घरी परतताना रिक्षात आबांना माझ्या खांद्यावर झोप लागली. इतकी गाढ, की घर आलं तरी मी रिक्षावाल्याला अजून एक चक्कर मारायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल उघडला. बोरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो, भोवती फुलं, आणि खाली मजकूर: 'आपल्या गावचे सुपुत्र, प्रसिद्ध कवी, मितभाषी, मनमिळाऊ, आईवडिलांची मनोभावे सेवा करणारे मधुकरराव यांचे दुःखद निधन.' प्रसिद्ध कवी! जिवंतपणी ज्यासाठी मी तडफडलो, ते अर्ध्या दिवसाच्या मरणात मिळालं होतं. त्याखाली रात्री टाकलेली दुरुस्ती होती: 'मधुकरराव जिवंत आहेत. गैरसमजाबद्दल क्षमस्व.' यात 'प्रसिद्ध कवी' नव्हतं.

आबा नुकतेच उठले होते, पलंगावरून. खुर्चीवरून नव्हे. मी त्यांना श्रद्धांजलीचा पहिला मजकूर सावकाश वाचून दाखवला, 'मनोभावे सेवा'वर जरा जास्तच थांबत. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीत हसू आलं.

"लिवलंय चांगलं," ते म्हणाले. "पण हा माणूस कोण?"