तोंड उघडेपर्यंत

शेजारच्या अक्का बसल्यात असं मी कधी पाहिलं नाही, त्या टेकायच्या. भिंतीला, दाराला, धान्याच्या कोठीला, जे पाठीला मिळेल त्याला. धुळ्याकडच्या खेड्यातून लेकाच्या दुकानापायी जामनेरला आलेल्या. स्वतःची, दिरांची, लेकाची, सगळी पोरं त्यांच्याच मांडीवर जेवायला शिकली होती. "मी तं थकी गऊ, पोरी," हाच त्यांचा रामराम.

एवढं थकलेलं माणूस रोज आमच्या घरी यायचं, ते माझ्या बाळूसाठी. त्याच्या उष्टावणाला मामाचा मान म्हणून माझ्या भावानं चांदीच्या अंगठीनं खीर चाटवली, तिथवर ठीक होतं. मग आमच्या वन्सं अडून बसल्या, मान आत्याचाही. गर्दीला बिचकून बाळूनं भोकाड पसरलं होतं. तोंड आयतंच उघडं, म्हणून त्यांनी खोबऱ्यासकट मोठा घास आत सारला. पोराचा श्वासच अडकला. अक्कांनी त्याला ओढून घेतलं, हातावर पालथा धरून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा खोबरं बाहेर पडलं.

त्या दिवसापासून बाळूला घास भरवायला मी धजेना. बाळू नुसत्या दुधावर राहिला, हातापायांच्या काड्या झाल्या. पोर हातचं जाणार असं मला सारखं वाटे. घरच्यांचे टोमणे वेगळेच. मी अगदी थकून गेले होते.

हे बघून अक्का यायला लागल्या. पहिल्याच दिवशी भिंतीला टेकल्या, बाळूला मांडीवर ताठ बसवलं. वाटीत घोटलेली मऊ मुगाची खिचडी. चमचा त्याच्या ओठांपुढे धरला आणि नुसत्या थांबल्या. बाळू छताकडे बघत बसला. मी म्हटलं, "अक्का, आता ढकला ना आत."

"घाई कोनले शे? तोंड त्यानं शे, तुनं नही," त्या म्हणाल्या. "रडाले उघाडेल तोंड खावाकरता नही ऱ्हास."

बऱ्याच वेळानं बाळू स्वतःच पुढे वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. तिसऱ्या घासाला ठसका लागला, तशी मी धावले. अक्का जागच्या हलल्या नाहीत, फक्त त्याच्याकडे नीट बघत राहिल्या. "आवाज येई राहिना ना, मंग भिऊ नको. शिकी राहिना तो." आवाज येतोय म्हणजे श्वास चालू आहे, पोर शिकतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यानं मान फिरवली की त्या वाटी खाली ठेवत. दोन चमच्यांवर उठायचं, याचा मला रागच यायचा.

एक दिवस त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "घे, आते तू भरव. मी तं थकी गऊ." आणि डोळे मिटले. खरंच झोपल्या की सोंग होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी चमचा धरून वाट पाहिली, आणि बाळू जेवला.

बाळू शाळेत जायला लागला तेव्हा अक्का अंथरुणाला खिळल्या. मी मऊ खिचडी घेऊन गेले. डोळे मिटलेले, श्वास जड. त्यांची सून म्हणाली, "वहिनी, तोंड उघडंच शे, दोन चमचे टाकी द्या ना." तिचंही काही चुकत नव्हतं, सासूच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं.

पण ते तोंड श्वासासाठी उघडं होतं. मी चमचा त्यांच्या ओठांपुढे धरला आणि थांबले. अक्कांनी हळूच मान भिंतीकडे फिरवली.

मी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या उशाशी भिंतीला टेकले.