हिसका आणि हेलकावा

माझ्या धाकट्या भावाच्या पेटंट अर्जावर पेटंट कार्यालयाच्या हरकती आल्या त्या ऊसतोडणीच्या हंगामात, एका सोमवारी. ईमेल पुण्याच्या एजंटाकडे आला, त्याने तो भावाला पाठवला आणि भावाने कॉलेजच्या स्टाफरूममधून मला. सोबत एकच ओळ होती : "आक्का, सगळं नाकारलंय. बघ."

सगळं नाकारलेलं नव्हतं. परीक्षकाने हरकती नोंदवल्या होत्या आणि उत्तराला मुदत दिली होती. अडचण वेगळी होती. अर्ज नियमाप्रमाणे आधीच प्रसिद्ध झाला होता. प्रसिद्ध झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही, त्यामुळे तोच शोध सुधारून पुन्हा दाखल करणं शक्य नव्हतं. जे वाचायचं ते याच अर्जात वाचणार होतं, आणि दाखल करताना त्यात जे होतं त्याच्याच आधारावर. नंतर सुचलेलं काही त्यात घालता येत नाही.

भाऊ कोल्हापुरात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचं मूळ घर शिरोळ तालुक्यात, नदीच्या अंगाला. एका मोठ्या पुरात तो आईला आणायला बचावाच्या बोटीतून गेला होता. वाटेत त्याने फोनवर चित्रीकरण केलं. पाणी ओसरल्यावर ते आम्ही घरात टीव्हीवर लावलं. चित्रात पाणी जागच्या जागी थांबलं होतं आणि काठावरची घरं सरकत होती.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "का रं, पाणी गप उभं हाय आणि घरं चालल्यात? पुरात गेली न्हाईत ती तुझ्या फोनात गेली की."

फोन बिघडलेला नव्हता. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं चित्र हलू नये म्हणून फोनमध्ये एक सोय असते. ती लागोपाठच्या दोन चित्रांमधले ठिपके जुळवते. बहुतेक ठिपके डावीकडे गेले असतील तर कॅमेरा उजवीकडे हलला असं धरते आणि चित्र तेवढंच मागे ओढते. पुरात चित्राचा मोठा भाग पाण्याचा असतो आणि पाणी एकाच दिशेला वाहतं. सोयीने पाण्यालाच जमीन मानलं आणि जमिनीला वाहू दिलं.

भावाने पुढची काही वर्षं यावर घालवली. सुट्टीच्या दिवशी तो गावाजवळच्या वाडीच्या घाटावरून नावेत बसायचा, फोन धरून. नावाडी त्याला "या पावणं, आज कुणाला बुडवायचं?" म्हणून बोलवायचा. त्यातून भावाने जे शोधलं ते थोडक्यात असं. नावेत बसलेल्या माणसाच्या हातातला फोन दोन प्रकारे हलतो. एक हाताचा हिसका : झटकन, आखूड, वेडावाकडा. दुसरा नावेचा हेलकावा : सावकाश, लांब, ठरावीक लयीचा. फोनमधल्या सेन्सरला दोन्ही कळतात. हिसका काढून टाकायचा. हेलकावा मात्र ठेवायचा, कारण तोच खूण आहे. चित्रातले जे ठिपके हेलकाव्याशी जुळून वरखाली होतात ते काठाचे; जे आपल्याच चालीने जातात ते पाण्याचे. काठाचे ठिपके धरून चित्र स्थिर केलं की घरं जागेवर राहतात आणि पाणी वाहतं.

वर्गात तो हे फळ्यावर दोन रेषा काढून समजावत असे.

पेटंटचा अर्ज इंग्रजीत होता. एजंट अनुभवी होता, पण नावेत बसलेला नव्हता. त्याने दोन्ही हालचालींना एकच इंग्रजी शब्द वापरला : शेक. दाव्यांमध्ये, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा त्या वाक्यांमध्ये, 'सेन्सरच्या मदतीने शेक काढून टाकण्याची पद्धत' असं आलं. भावाने मसुदा वाचला होता आणि सही केली होती. त्याला दोन्ही अर्थ माहीत असल्यामुळे वाचताना दोन्ही दिसत होते.

परीक्षकाला जे लिहिलं होतं तेच दिसलं. अहवालात दोन जुन्या परदेशी पेटंटांचा हवाला होता. दोन्हींत सेन्सरच्या मदतीने शेक काढून टाकलेला होता. शेरा होता : यात नवीन काही आढळत नाही. पुढची हरकत अशी की ही निव्वळ गणिती रीत आहे आणि तिच्यावर पेटंट मिळत नाही. शेवटी किरकोळ हरकती. त्यांतली एक तिसऱ्या आकृतीबद्दल होती : आकृतीत इंग्रजी नसलेले शब्द आहेत, ते काढावेत.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली. तिथे पान तपासताना आधी फोटो आणि फोटोओळ बघण्याची पद्धत होती, बातमी नंतर. चुका तिथे जास्त सापडतात. फोटोत तिघं असतात आणि ओळीत चौघांची नावं. अर्जही मी त्याच क्रमाने वाचला. तिसऱ्या आकृतीखाली लिहिलं होतं, 'शेकचा आलेख'. वर आकृतीत रेषा दोन होत्या.

एक रेषा करवतीसारखी. तिच्यावर फुली. दुसरी लाटेसारखी. तिच्यापासून एक बाण निघून 'ठिपके जुळवणे' अशा अर्थाच्या इंग्रजी चौकटीत गेलेला. शेजारी नावेचं साधं रेखाचित्र. आणि रेषांवर देवनागरीत शब्द : हिसका, हेलकावा.

भावाला फोन केला. "ही आकृती कुणी काढली?"

"मीच. फळ्यावरची वहीत काढली, वहीतली स्कॅन केली. शब्द बदलायचं राहून गेलं. का गं?"

"त्या राहिलेल्या शब्दांशिवाय अर्जात तुझा शोध कुठेच नाही."

तो म्हणाला, "आणि एजंट तेच खोडायला बसलाय. आज संध्याकाळी उत्तर पाठवतो म्हणालाय."

एजंटाने ते त्या संध्याकाळी पाठवलं नाही. भावाने त्याला लगेच फोन लावला आणि मलाही त्याच कॉलवर जोडून घेतलं. एजंटाचं म्हणणं होतं की ती चूक आहे, कबूल करून दुरुस्त केलेली बरी, कार्यालयाला उगाच डिवचू नये. भाऊ म्हणाला, "साहेब, चूक असू दे. पण ती अर्ज टाकला त्या दिवसापासनं आत हाय न्हवं?" पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. एजंट म्हणाला, "आहे. मूळ प्रतीत आहे." आणि थोड्या वेळाने : "मला वाटलं होतं हिसका म्हणजे तुम्ही कोल्हापूरवाले दाखवता तो."

"तोबी दावू. आधी ह्यो दावूया."

उत्तर मुदतीत गेलं. दावे दुरुस्त केले. नुसता हाताचा शेक काढण्याचा दावा वेगळा ठेवला; पहिल्या दाव्यात आता तिन्ही पायऱ्या होत्या : हिसका काढणे, हेलकावा राखणे, राखलेल्या हेलकाव्यावरून काठ आणि पाणी वेगळे करणे. आधार म्हणून तिसरी आकृती दाखवली. गणिताच्या हरकतीवर दोन चित्रफिती जोडल्या, एकाच फेरीच्या. एकीत घरं सरकतात, दुसरीत पाणी. नंतर सुनावणीची सूचना आली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. भाऊ माझ्या घरातून बसला, एजंट पुण्यातून. आई डोळे दाखवायला आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून होती. तिला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून तिचा एक डोळा खिडकीबाहेरच्या उन्हावर होता. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई पडद्यावर आल्या. मराठीशी त्यांचा संबंध नसावा. सगळं इंग्रजीत चाललं. सुरुवातीलाच त्यांनी एजंटाला थांबवलं आणि म्हणाल्या, "अर्जदारांचं चित्र फार हलतंय."

भावाचा गुडघा टेबलाला लागून हलत होता.

आई दारातून म्हणाली, "ह्येलाच पेटंट पायजे हलायचं थांबवायला." मी तिला हाताने खुणावलं. भावाने खुर्ची मागे घेतली.

बाईंनी विचारलं, जुन्या दोन पेटंटांपेक्षा इथे वेगळं काय आहे. भावाने इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच अडकला. मग त्याने टेबलावरचा फोन उचलला, हाताला झटके दिले आणि हवेत फुली मारली. नंतर फोन छातीशी धरून तो कमरेतून सावकाश डाव्या-उजव्या अंगाला झुलला. बाई बघत होत्या.

"म्हणजे दुसरी हालचाल तुम्ही काढत नाही?"

"नाही मॅडम. तिच्यावरच सगळं टेकलंय."

"हे मूळ अर्जात कुठे आहे?"

एजंट म्हणाला, "तिसऱ्या आकृतीत. जे शब्द काढायला आपल्या कार्यालयाने सांगितलं होतं, त्यांच्यात."

बाईंनी मान खाली घातली. कागद वाचत असाव्यात. नंतर त्यांनी विचारलं, या शब्दांचे हे अर्थ अर्जदाराने आता ठरवले आहेत की ते भाषेत आधीपासून आहेत. एजंट म्हणाला, आधीपासून. बाईंनी सुनावणीनंतर द्यायच्या लेखी म्हणण्यासोबत शब्दकोशाची पानं मागितली. ती मी काढून ठेवली होती.

शेवटचा प्रश्न त्यांनी थेट भावाला केला. दाव्यात 'कोणतंही वाहन' असं आहे. आकृतीत नाव आहे. दुसरं कोणतं वाहन दाखवलं आहे का? भावाने नंतर उसाच्या ट्रॉलीवर बसूनही चाचण्या घेतल्या होत्या. त्या अर्जात नव्हत्या. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

लॅपटॉप बंद केल्यावर तो म्हणाला, "ट्रॉली गेली."

आईने विचारलं, "नाव ऱ्हाईली न्हवं?"

"बघू. अजून हातात काय न्हाय."

"मग ऊठ की. जेवून घेऊया. ऊन चाललंय." तिघंही जेवायला बसलो.

लेखी म्हणणं आणि शब्दकोशाची पानं मुदतीत दाखल झाली. भावाने कॉलेजात कुणाला काही सांगितलं नाही. आदेश पावसाळ्यात आला. नदी त्या वेळी पात्रातच होती. पहिला दावा मंजूर झाला, पाण्यावर चालणाऱ्या वाहनापुरता. 'कोणतंही वाहन' हे शब्द वगळले. हाताचा शेक काढण्याचा स्वतंत्र दावा नाकारला. आकृतीतले शब्द काढण्याची हरकत मागे घेतली. मंजूर झालेल्या पेटंटच्या तिसऱ्या आकृतीत हिसका आणि हेलकावा हे दोन शब्द देवनागरीत आहेत आणि प्रत्येकाशेजारी त्याचा इंग्रजी अर्थ दिलेला आहे.