केफिरचे दाणे

माझी बायको सुमन गेल्यापासून रोज सकाळी मी एकच काम न चुकता करतो. ओट्यावरच्या बरणीतलं केफिर गाळतो आणि गाळणीत उरलेल्या, फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या पांढऱ्या दाण्यांवर ताजं दूध ओततो. गाळलेलं मोरीत जातं. ताकासारखं ते आंबट पेय सुमनला आवडायचं, मला नाही. तरी दूध घालणं थांबत नाही. वाईट वाटतं म्हणून नव्हे. हल्ली फारसं काही वाटतच नाही.

काल शेजारच्या नलूताई रिकामी बाटली घेऊन आल्या. "वहिनी मला थोडे दाणे देणार होत्या," त्या चाचरत म्हणाल्या. मी बरणी पुढे केली.

"बरेच वाढलेत की हो!"

खरंच वाढले होते. घरात काय घडलं याची त्या दाण्यांना खबरही नव्हती. दूध मिळालं की ते आपले कामाला लागत. जिवंत असणं बहुधा एवढंच असावं, असं मला त्यांच्याकडे बघताना वाटलं. माझंही सध्या तसंच चाललं होतं.

"तुम्ही पिता ना?"

"नाही. ओतून देतो."

नलूताईंनी पेल्यात केफिर घेतलं, मीठ आणि जिरेपूड घालून ढवळलं आणि पेला माझ्या हातात दिला. "वहिनी असंच प्यायच्या."

मी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं आणि येतच राहिलं.

"फार आंबट झालंय," मी म्हणालो.

"हो, झालंय खरं," असं म्हणून नलूताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.