आमच्या खळ्याची हार्डडिस्क

आज वर्गात दाखवायला जुनी हार्डडिस्क उघडली. आतली आरशासारखी चकती पाहिली आणि अहमदपूरचा कॉम्प्युटर क्लास आठवला.

सरांनी विचारलं होतं, "ट्रॅक म्हणजे काय?" मी व्याख्या घोकूनच आले होते. पण आधी महादेवी उठली. दुकानदाराची पोर, एकदाच सुगीत आमच्या शेतावर आलेली.

"सर, प्लॅटरची चकती म्हणजे खळं. मधली मेढ, बैल बांधायचा खांब, म्हणजे चकतीचा आस, स्पिंडल. मळणीला बैल फिरतेत ती गोल वाट म्हणजे ट्रॅक, अन् वाटेचा एक तुकडा म्हणजे सेक्टर."

"लई भारी!" सर म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला. खळं आमचं, बैल आमचे, अन् शाबासकी तिला!

आज मीही पोरींना तसंच समजावलं.

"मॅडम, हे कुठं शिकलात?"

"आमच्या खळ्यावर," मी म्हटलं. महादेवीचं नाव आजही तोंडातून निघालं नाही.