स्वस्तात निघालेली पांढरी गाडी

अपघाताचे इतके गुन्हे मी नोंदवले की आता त्यांतली गावेसुद्धा आठवत नाहीत. एक प्रकरण मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही, कारण त्यात चूक करणाऱ्यांत मीही होतो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत आणि मी जिल्ह्यातल्या महामार्गावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. अणदूरच्या बाजूला रोजगार हमीवर रस्त्याचे काम चालू होते. बायका कडेला बसून खडी फोडत, पुरुष मुरूम पसरवत. गावोगाव टँकरने पाणी जायचे. ठाण्यात चोऱ्यांपेक्षा टँकरवरच्या भांडणांच्या तक्रारी जास्त यायच्या.

चैत्रातल्या एका दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. एका जखमी बाईला टँकरमधून आणले होते आणि बाहेर जमाव चिडला होता. मी चार शिपाई घेऊन पोचलो तेव्हा टँकरचा चालक दवाखान्याच्या पायरीशी पडला होता. शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि लोक त्याला लाथा घालत होते. त्याला सोडवून मी आत गेलो. बाई गेली होती. ती शुद्धीवर आलीच नव्हती.

ती तिशीतली, त्याच कामावरची मजूर. वळणापलीकडच्या हापशावर घागर घेऊन एकटीच गेली होती. धडक कोणी पाहिली नव्हती. लोकांनी पाहिले ते एवढेच की टँकर थांबला आहे आणि चालक रक्ताने माखलेल्या बाईला उचलून केबिनमध्ये ठेवतो आहे.

चालक सास्तूरकडचा, चाळिशीचा. ओठ सुजलेला होता तरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "साहेब, म्या धडक दिली न्हाय. बाई पडल्याली दिसली म्हनून थांबलो."

हे प्रत्येक चालक म्हणतो. मी त्याचे नाव आरोपीच्या रकान्यात लिहिले.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात मला दिव्याच्या काचेचे तीन तुकडे मिळाले. जाड काच, आतून रेघा असलेली. टँकरचे दोन्ही दिवे शाबूत होते आणि बंपरवर ओरखडाही नव्हता. हे मला दिसले नाही असे नाही. काच आधीच्या कुठल्या तरी अपघाताची असेल आणि बाईला बाजूच्या चाकाचा धक्का बसला असेल, असे मी स्वतःला समजावले. तुकडे पुडीत घातले, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचे सील केले. एकदा आरोपी ठरवला की तपासणारा माणूस पुढे काय बघतो, ते मला त्या प्रकरणाने दाखवले.

गुन्हा जामीनपात्र होता. पण बाहेरगावचा माणूस आणि चिडलेला मुलूख, त्याला जामीन राहायला कोणी पुढे येईना. त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत होणार होती. नेण्याआधी त्याने गजांतून मला हाक मारली.

"मला ठेवा साहेब, पर टँकर सोडा. त्या तीन गावांला दुसरी सोय न्हाय."

हीसुद्धा मला त्याची हुशारी वाटली. तपासणीसाठी टँकर चार दिवस ठाण्याच्या आवारात उभा राहिला, आणि ती तीन गावे चार दिवस कोसभर चालून पाणी आणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मयत बाईचा नवरा जबाब द्यायला आला. बौद्ध वस्तीत राहणारा, शाळेत शिपाई. अंगावर शाळेचाच खाकी सदरा. जबाबावर सही केली तरी तो उठेना.

"साहेब, एक इचारू का?"

"विचार."

"त्यानं मारलं असतं तर त्यो पळून का गेला न्हाय? रस्ता तर मोकळाच व्हता."

"घाबरला असेल."

"घाबरल्यालं मानूस पळतंय, साहेब. थांबत न्हाय." त्याने हातातले पेन टेबलावर ठेवले. "कोन का असंना, पर खरा मानूस धरा. न्हायतर तिला दोनदा मारल्यावानी हुईल."

ज्याची बायको गेली तो माणूस आरोपीच्या बाजूने बोलत होता. तेवढ्यानेच मी खडबडून जागे व्हायला हवे होते. मी मात्र त्याला समजावून घरी पाठवले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी येडशीहून एक सेवानिवृत्त हेडमास्तर ठाण्यात आले. धोतर, काळी टोपी, काखेत वही.

"जुनी गाडी घेतोय," ते म्हणाले. "मंडळींचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. दोन गाड्या पाहिल्यात. त्यातली एक तुमच्या हद्दीतली आहे. तिच्यावर काही गुन्हा, काही भानगड नाही ना, तेवढं बघून द्या."

तेव्हाचा बाजार सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मागचे झाकण वर उघडणारी छोटी मोटार नुकतीच निघाली होती. पैसे भरून वर्ष-वर्ष नंबर लागत नसे. म्हणून वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची, आणि लोक हसत हसत घ्यायचे.

मास्तरांनी वही उघडली. मध्ये सरळ रेघ, दोन्ही बाजूंना एकेक गाडी. डावीकडे सोलापूरच्या एका डॉक्टरांची. दोन वर्षे वापरलेली, तीस हजार किलोमीटर चाललेली, दाराचे रबर फाटलेले, दुसरा गिअर अवघड पडतो. किंमत नव्यापेक्षा बारा हजारांनी जास्त. उजवीकडे आमच्या हद्दीतली. वय पाच महिने, चाललेली आठ हजार, टायर कोरे, इंजिनाचा आवाज येत नाही इतका मऊ. किंमत नव्यापेक्षाही तीन हजारांनी कमी.

"गुणांत सरस आणि दामात खाली," मास्तर म्हणाले. "मी जन्मभर पेपर तपासलेत साहेब. कच्च्या पोराला एकदम पैकीच्या पैकी मिळाले की मी पेपर पुन्हा बघायचो. हिचंही तसंच वाटतंय. चोरीची तर नाही?"

"अजून काय टिपलंत?"

त्यांनी पान माझ्याकडे फिरवले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते. डावा दिवा उजव्यापेक्षा नवा. बॉनेटचा पांढरा रंग दारांपेक्षा दुधी. पुढच्या काचेवर कंपनीचा शिक्का नाही, बाकी काचांवर आहे.

"मालकाला विचारलं मी. म्हणाला, म्हैस आडवी आली होती. महिनासुद्धा झाला नाही म्हणे."

मी लेखनिक हवालदाराला मुद्देमालाची पुडी आणायला सांगितले आणि शवविच्छेदनाचा अहवाल काढला. तो मी आधी वाचून फाइलला लावला होता. त्यात लिहिले होते की दोन्ही पायांची हाडे गुडघ्याच्या वीतभर खाली मोडली आहेत. टँकरचा बंपर माझ्या मांडीला लागत होता. इतक्या खाली धडकणारी गाडी ठेंगणी असणार, हे कळायला कोणताही तज्ज्ञ लागत नव्हता.

मास्तरांना एवढेच सांगितले, "त्या मालकाला हो किंवा नाही काही कळवू नका." त्यांनी वही मिटली.

गाडीचा मालक एका सहकारी संस्थेचा संचालक होता. पंचेचाळिशीचा, गावात मान असलेला. त्याच्याकडे जाण्याआधी मी सोलापूरच्या गॅरेजांत चौकशी लावली. तिसऱ्या दिवशी गॅरेज सापडले. मिस्त्री घाबरला नाही, कारण त्याला काही ठाऊकच नव्हते. मालकाने त्यालाही म्हैसच सांगितली होती.

"जुनं बॉनेट कुठं आहे?" मी विचारले.

"हाय की माळ्यावर. असलं बॉनेट मिळतंय कुठं साहेब? ठोकून सरळ करून इकनार व्हतो."

बॉनेटच्या दुमडीत, मयत बाईच्या अंगावर होते तसल्याच हिरव्या लुगड्याचे दोन धागे अडकले होते. सोबत दिव्याची चौकट होती, तिच्या कडेला थोडी काच शिल्लक होती. माझ्या पुडीतला सर्वांत मोठा तुकडा मी पंचांसमोर तिला लावला. तो बरोबर बसला. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हैस नव्हती व्हय ती."

गाडी सापडली, पण चालवत कोण होते ते अजून सिद्ध व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या संचालकाच्या घरी गेलो. तो शांत होता. चहा मागवला.

"गाडी ड्रायव्हर चालवत होता. मला म्हैस म्हणूनच सांगितलं त्यानं. नंतर काम सोडून गेला. पुण्याकडं गेला म्हणतात. माणूस तसा चांगला होता, पण घाई फार करायचा."

खोटे बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. मी ड्रायव्हरचे नाव विचारले. तो किती दिवस होता, जेवायचा कुठे, झोपायचा कुठे, पगार कोण द्यायचा ते विचारले. मग पुन्हा नाव विचारले. तिसऱ्या वेळी आडनाव बदलले. तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली आणि त्याची आई बाहेर आली. सत्तरीची असेल. भिंतीला हात धरून उभी राहिली.

"डायवर कुटला आनलाय रं? गाडी तूच चालवत व्हतास."

"आई, तू आत हो."

"आतच व्हते इतकं दिवस." ती माझ्याकडे वळली. "साहेब, म्या मागं बसले व्हते. खंडोबाला चाललो व्हतो. बाई घागर घिऊन कडंनं येत व्हती. ह्यो पानाचा डबा हुडकत व्हता, रस्त्याकडं ध्यानच न्हाय. बाई उडून पडली. म्या म्हनलं, थांबव, बाईमानूस हाय. ह्यो म्हनला, लोक जित्ता सोडायचे न्हायत. म्या मागं वळून बघितलं. तिचा हात हालत व्हता, साहेब."

तिने पदराने तोंड पुसले.

"त्यो टँकरवाला बी कुन्या आईचं लेकरू हाय. त्यो जेलात हाय म्हनून सुनंनं पेपर वाचून दावला, तवापसनं घास गिळंना. ल्ह्या, काय ल्ह्यायचं त्ये."

मी लिहिले. ती अंगठा देताना मुलगा उठून तिच्याजवळ गेला. मला वाटले तिला अडवतो की काय. पण त्याने तिचा हात धरला आणि अंगठा कागदावर नीट टेकवला. मग खाली बसून तो म्हणाला, "थांबलो असतो तर मला तिथंच मारलं असतं."

जो थांबला होता त्याला दवाखान्याच्या पायरीवर काय झाले, ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे दबाव आला, बदलीच्या धमक्या आल्या. पण म्हातारीने न्यायालयात शब्द फिरवला नाही. मुलाला हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल आणि पुरावा दडवल्याबद्दल काही महिन्यांची कैद झाली. मयत बाईचा नवरा निकाल ऐकून माझ्यापाशी आला, हात जोडले आणि शाळेच्या वेळेला पोचायचे म्हणून घाईने निघून गेला.

टँकरचालकाला मात्र त्याच्या कितीतरी आधी, म्हातारीच्या जबाबानंतर लगेच सोडले होते. त्या दिवशी सुटकेचा कागद घेऊन मी स्वतः तुरुंगाच्या दारात गेलो होतो. तो बाहेर आला तेव्हा मी त्याला म्हणालो की माझी चूक झाली. त्या काळी पोलिसाने असे म्हणण्याची पद्धत नव्हती. तो संकोचला. "तुमी तरी काय करनार," म्हणाला. आम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत चाललो. तिथे मी त्याला विचारले, "पुन्हा कोणी असं रस्त्यात पडलेलं दिसलं तर थांबशील का?"

त्याने लांबवर एसटी दिसते का ते पाहिले.

"खोटं कशाला बोलू साहेब? गाडी हळू करीन. थांबन का न्हाय, त्ये सांगता येत न्हाय."

त्यानंतरच्या नोकरीत, जखमीला कोणी दवाखान्यात घेऊन आले की मी आधी त्याला बसवून पाणी द्यायला लावत असे. त्याचे नाव डायरीत 'जखमीस आणणारा इसम' असे लिहीत असे, आणि पुरावा हाती येईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही रकान्यात जाऊ देत नसे. हाताखालच्या माणसांनाही तेच शिकवले. धडक देऊन पळालेल्या माणसाला मी शोधून काढले, न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. पण रस्त्यात पडलेल्या परक्या बाईसाठी क्षणाचाही विचार न करता थांबणारा एक माणूस त्या जिल्ह्यात होता. तो तसा राहिला नाही, आणि ते माझ्या हातून झाले.