सदतिसावा फोटो

छत्तीसचा रोल नीट भरला तर सदतीस फोटो निघायचे, नशीब जोरावर असलं तर अडतीस. छत्तीस गिऱ्हाइकाचे, वरचे माझे. विरारला राहून मी आसपासची लग्नं, बारशी, साखरपुडे काढत फिरायचो आणि परतताना त्या उरलेल्या एक-दोन फोटोंत मला हवं ते टिपायचो. कुणी विचारलं, स्वतःचं काम कुठलंय, तर हेच. आणि खरं सांगतो, फुकटच्या फोटोची गोडीच वेगळी.

भुईगावचा म्हातारा बागायतदार असाच एका सदतिसाव्या फोटोत सापडला. फाटक्या बनियनवर, केळीत उभा, हात उगारून माझ्यावर खेकसतोय, "पाटात पाय घालू नको रे, मेल्या!"

वर्षभरात तो गेला. तिथल्या ख्रिस्ती घरांत मयतालाही फोटोग्राफर बोलावतात. शवपेटीभोवती सगळं घर उभं राहतं आणि फोटो निघतो. पहिल्यांदा मलाही विचित्र वाटलं होतं, मग सवय झाली. पण इथे एकुलता मुलगा जहाजावर नोकरीला, भर समुद्रात. तो काही पोचणार नव्हता. त्याच्या आईने माझा हात धरला. "बाबा रे, यांचा चेहरा नीट येऊ दे. पोराला तेवढाच दिसणार आहे."

"मावशी, काळजी करू नका," मी म्हणालो. मोठा शहाणा!

निरोप मिळाल्यावर धावतपळत निघालो होतो आणि रोल बसमध्ये, धक्के खात, मांडीवर भरला होता. घरी फोटो काढले, चर्चमध्ये काढले, माती देताना काढले. आकडा छत्तीसवर आला तसा सवयीने समुद्राकडे वळलो. सदतीस झाला, अडतीस झाला. एकोणचाळिसावाही निघाला तेव्हा गाढवासारखा खूश झालो. चाळिसावाही निघाला तेव्हा मात्र कॅमेरा खाली घेतला. रोल मागे गुंडाळायची कळ फिरवली तर हाताला ताणच लागेना. फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं. मी दिवसभर नुसती खटखट करत होतो, फिल्म जागची हलली नव्हती. एकही फोटो नव्हता, आणि म्हातारा मातीआड.

लॅबवाल्याने रोल खराब केला म्हणून सांगावं, हेच आधी डोक्यात आलं. आम्ही सगळे तेच सांगायचो. दोन दिवस ते वाक्य घोळवलं. तिसऱ्या दिवशी तो खेकसणारा फोटो मोठा करून घेतला आणि पडलेलं तोंड घेऊन मावशींकडे गेलो. खरं ते सांगितलं.

मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. मग जे सुरू झाल्या! "एवढा एक दिवस होता. तुला डबा धड भरता येत नाही, तर गळ्यात कशाला अडकवतोस?" मी मान खाली घालून ऐकलं. लाज वाटत होती, अजून वाटते. शेवटी पाकीट पुढे केलं. त्यांनी फोटो उजेडात धरला. "हे बनियन! मी दहादा टाकलं, दहादा उचलून आणलं यांनी." आणि तिथेच खाली बसून रडल्या.

मुलाला तोच फोटो गेला. मी निघताना मावशी दारातून ओरडल्या, "माझ्या वेळेला आधी उघडून बघ हो!"

सात-आठ वर्षांनी त्यांची वेळ आली. या खेपेला मुलगा घरी होता, शवपेटीच्या उशाशी उभा. सगळे जागेवर उभे राहिले, फादर घड्याळ बघत होते. रोल मी आदल्या रात्रीच घरी दिव्याखाली भरला होता, दोनदा तपासला होता. तरी हात थांबला. मागे गुंडाळायची कळ फिरवून फिल्म ताणून घेतली, एक फोटो पुढे सरकवला. कळ आपोआप फिरली, म्हणजे आत फिल्म सरकत होती. वाकून त्यांना सांगितलं, "मावशी, फिरतेय."

मग बटण दाबलं.