निर्जळी साल्व्हिया

सेलूच्या आमच्या अंगणात मी साल्व्हियाचं झुडूप लावलं, तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. परभणीच्या रोपवाटिकेतल्या माळ्यानं बजावलं होतं, "साहेब, उन्हाची फिकीर करू नका. पाणी मात्र जपून. जास्त झालं की गेलंच म्हणा." मला असंच झाड हवं होतं. माझ्यासारखं, कुणी फार लाड केले की बिघडणारं. याला निळी फुलं येणार, आणि ती आली की माझ्या बागकामावर हसणाऱ्या बायकोचं तोंड बंद होणार, एवढीच माझी त्या वर्षीची महत्त्वाकांक्षा होती.

वैशाखात पहिला तुरा डोकावला आणि त्याच आठवड्यात पानं पिवळी पडू लागली. बोट खुपसून पाहिलं तर काळी माती चिखलासारखी ओली. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळत ठेवली.

आंघोळ करून आत्या आली. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याकडेच राहायची. तिनं झुडपाला हळदकुंकू वाहिलं, आणि तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतून हात जोडले.

"आत्या, काय करायलीस?"

"पानी घालायले. तुळसच हाय ही, परमुलखातली. वास बघ की, मंजिरी बघ."

वास खरंच येत होता, तुराही मंजिरीसारखाच होता. मी वनस्पतिशास्त्र सांगून पाहिलं. तांब्या लपवून पाहिला, तर ती पातेल्यानं घालू लागली. शेवटी मी वैतागून थाप मारली, "हिचं व्रत आहे. मृग लागेपर्यंत निर्जळी."

आत्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं तांब्या उपडा घातला. मी स्वतःवर बेहद्द खूष झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो, तर बायको दारातच. "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही त्यांनी."

आत्या भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. म्हणाली, "दारातलं झाड तहानेलं ऱ्हाईल अन् मी घटाघटा पानी पेऊ व्हय? ते पेलं की पेते."

मृगाला तीन आठवडे होते. मी घाबरलो. व्रताची थाप होती असं कबूल केलं, तर ती म्हणाली, "मला पानी पाजायला तू खोटं बोलायलास."

मग मीच तांब्या भरला. त्या एकुलत्या तुऱ्याकडे न बघता सगळा बुंध्याशी ओतला. आत्यानं ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठं तांब्या तोंडाला लावला. रिकामा करूनच खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"लय तहान लागली होती रे. आनखी एक दे." मी दिला, पण ती तो हातात धरून झाडाकडे बघत बसली. मी मुकाट्यानं झाडालाही दुसरा घातला.